चार खुर्च्या, दोन नावे: फ्रेडरिक्सबर्गमधील एका घरातल्या डॅनिश फर्निचरच्या ओळखीचे प्रकरण

फ्रेडरिक्सबर्ग ही कोपनहेगन शहराने चहूबाजूंनी वेढलेली, तरीही स्वतंत्र असलेली नगरपालिका आहे. तिथल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. घरमालकीणबाई वारल्यानंतर त्यांच्या मुलीने आणि मुलाने घर रिकामे करायला घेतले, आणि सामानाची यादी करण्यासाठी आलेल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने या खुर्च्यांपुढे एकच ओळ लिहिली: ‘हान्स वेगनर, गोल खुर्ची, १९४९, चार नग.’ भावंडांनी त्या ओळीच्या भरवशावर वाटणी ठरवून टाकली होती, दोन खुर्च्या बहिणीला आणि दोन भावाला. जुन्या डॅनिश फर्निचरच्या नोंदी तयार करणे हे माझे काम असल्यामुळे विक्रीपूर्वी एकदा खात्री करून घ्यावी, एवढ्यासाठी त्यांनी मला बोलावले.

हान्स वेगनर हे डॅनिश फर्निचर-रचनाकार, आणि ‘गोल खुर्ची’ हे त्यांच्या एका नमुन्याचे नाव. व्यापाऱ्याच्या त्या एका ओळीत चार स्वतंत्र दावे होते. खुर्ची कोणी रचली, ती कोणता नमुना आहे, केव्हाची आहे आणि तशा किती आहेत. यातला प्रत्येक दावा वेगळा तपासावा लागतो, कारण एक खरा ठरला म्हणून दुसरा आपोआप खरा होत नाही. शिवाय पाचवी गोष्ट त्या ओळीत नव्हतीच, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची होती: खुर्ची घडवली कोणाच्या हातांनी?

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागते. कोपनहेगनच्या फर्निचर-सुतारांच्या संघाने १९२७ पासून १९६६ पर्यंत दरवर्षी प्रदर्शन भरवले. कारखान्यांत निघणाऱ्या स्वस्त मालापुढे हातकाम टिकवायचे, हा त्यामागचा हेतू होता. तरुण वास्तुरचनाकारांनी आराखडे द्यायचे आणि कसलेल्या सुतारांनी ते लाकडात उतरवायचे, अशी पद्धत या प्रदर्शनांतून रुजली, आणि त्यातून कायमच्या जोड्या जमल्या. रचनाकार फिन यूल यांच्यासोबत सुतार नील्स वोडर, कोरे क्लिंट यांच्यासोबत रूड. रासमुसेन यांची कार्यशाळा, आणि हान्स वेगनर यांच्यासोबत योहानेस हान्सेन. वेगनर (१९१४–२००७) स्वतः ट्योनर या सीमेवरच्या गावात सुतारकाम शिकलेले होते, म्हणून ते जोडणीच्या बारकाव्यांवर सुतारांशी सुताराच्या भाषेत बोलू शकत. हान्सेन यांच्याकडचे प्रमुख कारागीर नील्स थॉमसेन यांच्याशी त्यांचे सूर जुळले नसते, तर ज्या खुर्चीचे हे प्रकरण आहे ती आज दिसते तशी झाली असती, असे मला वाटत नाही. म्हणून ‘वेगनर यांची खुर्ची’ हे वाक्य माझ्या लेखी नेहमीच अर्धे असते.

पहिल्या भेटीत मी खुर्च्या उलट्या केल्या नाहीत. शिक्का शोधण्याची घाई झाली की नजर त्या शिक्क्याला जुळणारेच पुरावे गोळा करू लागते, हे मी अनुभवाने शिकले आहे. चारही खुर्च्या टेबलापासून ओढून खिडकीजवळ, उजेडात एका रांगेत ठेवल्या आणि आधी नुसत्या पाहिल्या. गोल खुर्चीचा आकार असा असतो: पाठ आणि दोन्ही हात मिळून एकच सलग वळण होते, जे मागे रुंद व उभट असते आणि पुढे येताना पिळवटत जाऊन हाताच्या टोकाशी आडवे, चपटे होते. लेथवर कातलेले चार पाय बैठकीच्या चौकटीशी जाड असतात, आणि तिथून वर व खाली निमुळते होत जातात. लाकूड जिथे सर्वांत जाड आहे तिथेच चौकटीच्या पट्ट्यांची टोके पायात शिरतात, म्हणजे जोडाला जेवढे लाकूड हवे तेवढेच तिथे राखलेले असते. चौकटीच्या पट्ट्याही सरळ नसतात, त्यांना हलका खोलगट बाक असतो. रांगेतल्या पहिल्या दोन खुर्च्या या वर्णनाला तंतोतंत उतरल्या. तिसरी मात्र उतरली नाही, आणि इतकी वर्षे त्या घरात कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते. चौथी लांबून जुळत होती, पण जवळ गेल्यावर मन खात होते.

पहिल्या खुर्चीच्या वर्षाचा प्रश्न तिच्या पाठीनेच सोडवला. पाठ आणि हात यांचे वळण सलग दिसत असले, तरी ते एका लाकडातून निघत नाही. मधला एक आणि बाजूंचे दोन, असे तीन तुकडे जोडून ते तयार होते. १९४९ च्या शरद ऋतूतील प्रदर्शनात ही खुर्ची पहिल्यांदा मांडली, तेव्हा या तुकड्यांचे सांधे झाकण्यासाठी पाठीवर वेताच्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. पुढे वेगनर यांनी सांधा लपवण्याऐवजी तोच दाखवायचे ठरवले. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत, तसे दोन तुकड्यांचे दाते एकमेकांत बसवणारा नागमोडी जोड त्यांनी पाठीच्या दोन्ही बाजूंना उघडा ठेवला. त्या खुर्चीचे आज सर्वांत आधी ओळखू येणारे चिन्ह म्हणजे हाच जोड. आमच्या पहिल्या खुर्चीत तो स्वच्छ दिसत होता, दात्यांच्या रेषा बाहेरच्या बाजूला होत्या तशाच आतल्या बाजूलाही होत्या, आणि नखाने चाचपले तरी फट लागत नव्हती. म्हणजे ही खुर्ची गोल खुर्चीच होती, परंतु १९४९ ची नव्हती. व्यापाऱ्याने रचनेचे वर्ष लिहिले होते, आणि कुटुंबाने ते घडणीचे वर्ष समजून घेतले होते. ही गल्लत इतकी सर्रास होते, की नोंद लिहिताना या दोन वर्षांसाठी मी नेहमी दोन वेगळे रकाने ठेवते.

दुसऱ्या खुर्चीने थोडा वेळ घेतला. तिची पाठ, पाय आणि नागमोडी जोड पहिलीसारखेच होते, पण पहिलीची बैठक वेताची होती आणि हिची पिळलेल्या कागदी दोरीची. कागदी दोरी पाहून कोणीतरी पूर्वी मुलीला सांगितले होते, की ही वेगनर यांची दुसरीच खुर्ची, कोंबडीच्या छातीतल्या दुशाखी हाडासारखी पाठीची पट्टी असलेली ‘विशबोन’ असावी. त्या खुर्चीच्या बैठकीला सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते आणि ती तिथे मुळापासूनच असते, हे खरे आहे, परंतु तिची पाठ आणि या खुर्चीची पाठ यांत साम्य शोधूनही सापडणार नाही. गोल खुर्ची मूळ स्वरूपात दोन प्रकारे बनत असे, वेताच्या बैठकीची जेएच ५०१ आणि चामड्याच्या गादीची जेएच ५०३ (जेएच म्हणजे योहानेस हान्सेन). कागदी दोरी या दोन्हींत बसत नाही. भिंगाखाली चौकटीची आतली कड तपासली तेव्हा दोरीच्या फटींतून, सारख्या अंतरावर, चपट्या वेताने दाबून पाडलेल्या जुन्या खुणा दिसल्या. म्हणजे मूळ वेत तुटल्यावर कोणीतरी, बहुधा वेत विणणारा हाताशी नसल्यामुळे, कागदी दोरी ओढून घेतली होती. बैठक ही झिजणारी वस्तू आहे. ती बदलली म्हणून खुर्चीची ओळख बदलत नाही, फक्त नोंदीत बदल लिहावा लागतो.

यानंतरच मी खुर्च्या उलट्या केल्या. पहिल्या दोन्हींच्या चौकटीच्या खालच्या अंगाला तापलेल्या लोखंडाने डागलेला योहानेस हान्सेन, कोपनहेगन, डेन्मार्क असा शिक्का होता. भाऊ अर्थातच सुखावला. पण शिक्का नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्या दोघांना मी जरा सविस्तर समजावले, कारण जुन्या डॅनिश फर्निचरच्या बाबतीत सर्वाधिक चुका इथेच होतात. शिक्का घडवणाऱ्याचा असतो, रचणाऱ्याचा असेलच असे नाही. फ्रान्स अँड सोन या कंपनीचेच उदाहरण घ्या. तिच्या नावाचा गोल धातूचा बिल्ला फिन यूल यांच्या खुर्चीवर असतो, ओले वान्शर यांच्या असतो, ग्रेटे याल्क यांच्या असतो आणि पीटर व्हिट व ओर्ला मोलगोर-नील्सेन या जोडीच्याही असतो, त्यामुळे केवळ त्या बिल्ल्यावरून ‘फिन यूल’ असे लिहिणे म्हणजे प्रकाशकाचे नाव वाचून लेखक ठरवण्यासारखे आहे. त्या बिल्ल्याचा उपयोग वेगळा आहे. त्यावर ‘फ्रान्स अँड डाव्हरकोसेन’ हे जुने नाव असेल, तर वस्तू कंपनीचे नाव १९५७ मध्ये बदलण्यापूर्वीची, एवढे मात्र तो खात्रीने सांगतो. काही चिठ्ठ्या तर घडवणाऱ्याच्याही नसतात, विकणाऱ्याच्या असतात. कोपनहेगनमधील ‘डेन पर्मानेंटे’ या १९३१ मध्ये सुरू झालेल्या विक्री-प्रदर्शनाची चिठ्ठी किंवा न्यूयॉर्कच्या ‘जॉन स्टुअर्ट’ या दुकानाचा बिल्ला हे त्यातले प्रकार आहेत. आणि खिळ्यांनी ठोकलेला बिल्ला एका खुर्चीवरून काढून दुसरीवर ठोकता येतो. डागलेला शिक्का त्या मानाने प्रामाणिक म्हणायला हवा, कारण तो लाकडातच जळलेला असतो.

तरीही हान्सेन यांच्या शिक्क्याने काळ फार ढोबळच कळतो. त्यांची कार्यशाळा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली, आणि वेगनर यांच्या त्या खुर्च्या घडवण्याचे काम अलेरॉड येथील पीपी म्योब्लर या कार्यशाळेकडे गेले. १९५३ मध्ये आयनर आणि लार्स पेडर पेडरसन या भावांनी ती सुरू केली होती, आणि गोल खुर्ची आजही तिथेच बनते. म्हणजे पीपीचा शिक्का असता तर खुर्ची अलीकडची ठरली असती. हान्सेन यांचा शिक्का मात्र १९५० पासून चार दशकांच्या पट्ट्यात कुठेही बसू शकतो.

तो पट्टा अरुंद केला तो घरातल्या एका छायाचित्राने. मी मुलीला जुने फोटो शोधायला सांगितले होते, आणि तिला आईच्या कन्फर्मेशनच्या, म्हणजे किशोरवयात होणाऱ्या ख्रिस्ती धर्मदीक्षेच्या, जेवणाचा एक कृष्णधवल फोटो सापडला, ज्याच्या मागे ‘मे १९६१’ असे लिहिलेले होते. हा विधी डेन्मार्कमध्ये वसंत ऋतूत होतो, त्यामुळे महिना विश्वासार्ह वाटला. फोटोत टेबलाच्या दोन टोकांना दोनच गोल खुर्च्या होत्या, दोन्हींच्या बैठका वेताच्या होत्या, आणि बाकीची मंडळी साध्या सरळ पाठीच्या खुर्च्यांवर बसली होती. म्हणजे पहिल्या दोन खुर्च्या १९५० ते १९६१ या काळातल्या, आणि उरलेल्या दोन नंतर घरात आलेल्या. योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोत अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांच्यात दूरचित्रवाणीवर झालेल्या वादसभेत हीच खुर्ची कोट्यवधी अमेरिकनांनी पाहिली होती. त्याआधी, १९५० मध्ये, तिकडच्या ‘इंटेरियर्स’ मासिकाने तिला मुखपृष्ठावर स्थान दिले होते, आणि अमेरिकेत तिला नुसते ‘द चेअर’ म्हणण्याची रीत पडली होती. फ्रेडरिक्सबर्गमधल्या या कुटुंबाने मात्र ती आपल्या जेवणाच्या टेबलासाठीच घेतली होती, कोणत्याही कीर्तीसाठी नव्हे, असे तो फोटो पाहताना मला वाटले.

तिसऱ्या खुर्चीकडे मी दुसऱ्या भेटीत वळले. तिचे हात आखूड होते, बैठकीच्या अर्ध्यावरच संपणारे, आणि त्यामुळे ती टेबलाखाली पूर्ण सरकत असे. कुटुंबाने तिला वेगळी न ओळखण्याचे कारणही हेच असावे, कारण ती बहुतेक वेळ टेबलाखाली अर्धी लपलेली असे. पाठ तीन तुकड्यांची नव्हती. दोन तुकडे पाठीच्या बरोबर मध्यभागी एकत्र येत होते आणि त्यांना सांधणाऱ्या गडद लाकडाच्या पट्ट्या फिकट सागवानात मुद्दाम उठून दिसतील अशा बसवलेल्या होत्या. ही वेगनर यांची १९५२ ची ‘गाईचे शिंग’ नावाने ओळखली जाणारी खुर्ची, जेएच ५०५. हाताचे टोक पाहिले की नाव का पडले ते लगेच कळते. शिक्का इथेही हान्सेन यांचाच होता. म्हणजे रचनाकार तोच आणि कार्यशाळाही तीच असली, तरी नमुना वेगळा होता. ‘चार नग’ हा दावा इथे मोडला.

पण या खुर्चीने एक कायदेशीर प्रश्न उभा केला, ज्याची कल्पना भावंडांना नव्हती. ते गडद लाकूड शिसवाच्या जातीचे दिसत होते. डॅनिश फर्निचरमध्ये त्या काळी ब्राझीलचे शिसव बरेच वापरले जाई, आणि ते झाड धोक्यात आल्यामुळे १९९२ पासून त्याचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्वांत कडक यादीत आहे. युरोपीय संघात अशी वस्तू १९४७ च्या आधी घडवलेली असल्याचा पुरावा असेल, तर काही सूट मिळते. ही रचनाच १९५२ ची असल्यामुळे ती सूट लागूच होणार नव्हती. जोडातली चिंचोळी पट्टी असली तरी लाकूड ब्राझीलच्या शिसवाचे निघाले, तर प्रमाणपत्राशिवाय ती खुर्ची विकता येणार नाही, हे मी लेखी कळवले आणि लाकडाची जात तज्ज्ञाकडून ठरवून घेण्याची शिफारस केली. कित्येकदा लोक फर्निचरचा रचनाकार शोधण्यात महिने घालवतात आणि लाकडाचा प्रश्न विक्रीच्या दिवशी त्यांच्यापुढे येतो.

चौथी खुर्ची मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती मुलीची लहानपणापासूनची जागा होती, सत्तरच्या दशकातल्या रंगीत फोटोंत ती तिच्यावरच बसलेली दिसते, आणि त्यामुळे तिच्याबद्दल काही बोलण्याआधी मला पूर्ण खात्री हवी होती. आकार गोल खुर्चीचाच. रंग सागवानाचा. शिक्का कुठेच नव्हता, पण शिक्का नसणे हा पुरावा होत नाही, कारण तो घासला गेलेला किंवा दुरुस्तीत बदललेल्या पट्टीबरोबर गेलेला असू शकतो. खुर्ची उचलली तेव्हा पहिली शंका आली. सागवान हातात कसे लागते, ताज्या घासलेल्या जागी कसा तेलकट वास येतो, हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. आमच्या घरच्या जुन्या दारांना तोच वास होता. डेन्मार्कमधल्या फर्निचरचे सागवान चंद्रपूरकडचे नसे, ते मुख्यतः सयाम आणि ब्रह्मदेशाकडून येई, पण झाड तेच. या खुर्चीला तो वास नव्हता. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे रंग नीट पोचला नव्हता, तिथे लाकूड फिकट गुलाबीसर होते आणि त्यावर तांदळाच्या कणीएवढ्या आखूड तपकिरी रेघांचा दाट शिडकावा होता. अशा रेघा बीच नावाच्या युरोपीय झाडाच्या लाकडाची खूण आहेत. सागवानात त्या दिसत नाहीत. म्हणजे बीचवर सागवानी रंग चढवला होता.

तरी लाकूड हा निर्णायक पुरावा मी मानला नाही. निर्णय जोडाने दिला. पाठीवर नागमोडी रेषा होती, बाहेरून पाहिले तर अगदी खरी. आतल्या बाजूने मात्र ती नव्हतीच. तिथे दोन तुकडे सरळ कापून एकमेकांना भिडवलेले होते. आरपार जाणाऱ्या दात्यांचा जोड असा एका बाजूने दिसून दुसऱ्या बाजूने नाहीसा होऊ शकत नाही. बाहेरची रेषा वरवर कोरून तीत गडद भर घातलेली होती. पाय तपासले तर ते वरपासून खालपर्यंत जवळजवळ सारख्याच जाडीचे होते, आणि चौकटीच्या पट्ट्या सरळ. ज्याने ही खुर्ची बनवली त्याने वेगनर यांच्या खुर्चीचे चित्र पाहिले होते, पण पाय चौकटीशी जाड का आहे, हे त्याला कळलेले नव्हते. मूळ खुर्चीत प्रत्येक वळणामागे जोडाची गरज आहे. नकलेत ती वळणे उरली आणि गरज निसटली. नक्कल पकडण्यासाठी याहून भरवशाची दुसरी कसोटी मला माहीत नाही.

हे सांगितल्यावर भाऊ गप्प झाला आणि बहिणीने खुर्चीच्या हातावर हात ठेवला. मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगणे भाग होते. डेन्मार्कमध्ये अशा रचनांना लेखाधिकार (कॉपीराइट) कायद्याचे संरक्षण मिळते आणि ते रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकते, त्यामुळे ही खुर्ची वेगनर यांच्या नावाने विकायला काढणे हे खोटे तर ठरेलच, शिवाय बेकायदेशीरही. बहिणीने ती विकायची नाही असे तिथेच ठरवले. पहिल्या दोन गोल खुर्च्या दोघांनी एकेक घेतल्या. कागदी दोरीची भावाकडे गेली, आणि त्याने ती मूळ पद्धतीने वेतात विणून घेण्याचे ठरवले. तिसरीचे मोल लाकडाचा अहवाल आल्यानंतर पैशांत वाटून घेण्याचा करार झाला.

व्यापाऱ्याच्या एका ओळीच्या जागी माझ्या नोंदवहीत चार नोंदी गेल्या. पहिली: रचना हान्स वेगनर, १९४९; घडण योहानेस हान्सेन, कोपनहेगन, १९५० नंतर व मे १९६१ पूर्वी; सागवान, वेताची मूळ बैठक. दुसरी: तीच, बैठक नंतर कागदी दोरीने बदललेली. तिसरी: रचना हान्स वेगनर, १९५२, घडण योहानेस हान्सेन, मे १९६१ नंतर घरात आलेली, सागवान, मध्यजोडातील गडद लाकूड तपासणीसाठी राखलेले. चौथ्या नोंदीत रचनाकाराच्या रकान्यात मी ‘वेगनर यांच्या १९४९ च्या रचनेवरून’ असे लिहिले, घडवणाऱ्याचा रकाना रिकामा ठेवला, लाकूड ‘बीच, रंग चढवलेले’ असे नोंदवले, आणि मालकीच्या रकान्यात मुलीचे नाव लिहिले.